लोकरीची कसर

मराठीतला 'कसर' हा शब्द मोठा हरहुन्नरी आहे. हिशेबात पाच-दहा रुपये कमी पडले की ती कसर. नातवाच्या कपाळाला हात लावून "अंगात जराशी कसर आहे हो याच्या," असे आजी म्हणते, तेव्हा ती बारीक तापाची कणकण. पाहुणचारात कसर राहू नये म्हणून गृहिणी जिवाचे रान करते आणि पाहुणे गाडीत बसले की महिनाअखेरपर्यंत काटकसर करते. आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, बासनाची गाठ सुटते, आतली शाल कोणीतरी कौतुकाने उजेडात धरते आणि तिच्यातून समोरची भिंत दिसू लागते, तेव्हा घरातले जाणते माणूस दोनच शब्द उच्चारते, "कसर लागली!"

तुटीची कसर अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली. किड्याची कसर मात्र कोणाच्या मार्गाने येते, हे ट्रंकेचा मालक सोडून सर्वांना ठाऊक असते. दर आठवड्याला या सदरात मी घरातल्या एखाद्या वस्तूची विचारपूस करते. दिवाळी अंकात संपादक जागा जरा सढळ हाताने देतात, तेव्हा यंदा या ट्रंकेतच थोडा खोलवर हात घालावा म्हणते.

मुळात लोकर हे आपल्या हवेतले वस्त्र नव्हे. काश्मिरात किंवा दिल्लीत स्वेटर काही महिने माणसाच्या अंगावर राहतो. आपल्याकडे मुंबई-ठाण्यात थंडी येते ती पाहुण्यासारखी. चार दिवस राहते आणि चहाही न घेता निघून जाते. पुण्या-नाशकात ती थोडी अधिक रेंगाळते इतकेच. बाकीचे दहा-अकरा महिने लोकरीचा कपडा अंधारात पडून असतो. त्यातले चार महिने पावसाळ्याचे, म्हणजे दमट हवेचे. अंधार, ओलसर ऊब, कोणाची ये-जा नाही आणि बसल्या जागी जेवण! एवढ्या सोयी तर आमच्या कॉलेजच्या वसतिगृहातदेखील नाहीत. कसरीने तिथे बिऱ्हाड थाटले तर दोष कोणाला द्यावा?

पण ही कसर म्हणजे नेमके कोण, हे आधी पाहिले पाहिजे. कारण कसर हे एका प्राण्याचे नाव नाही, ते एका मोठ्या गोतावळ्याचे आडनाव आहे. पुस्तके चाळताना पानांतून सळकन निसटणारी चंदेरी, मासोळीसारखी कसर ही त्यातली एक. तिला खळ, डिंक आणि कागद आवडतो. लोकरीच्या वाटेला ती सहसा जात नाही. दुसरी कसर म्हणजे एका बारीक सोनेरी पाकोळीची अळी. पाकोळीची लांबी जेमतेम सहा-सात मिलिमीटर, अळी पांढुरकी आणि तिचे डोके तपकिरी. कपड्यावर ती रेशमी जाळ्यासारखी नळी विणते आणि आत बसून खाते. तिची एक चुलत बहीण लोकरीच्या तंतूंचेच घर करून ते पाठीवर घेऊन हिंडते; त्यामुळे निळ्या स्वेटरवर वाढलेल्या अळीचे घरही निळे असते. तिसरी कसर म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या एका छोट्या गोल भुंग्याची केसाळ, तपकिरी अळी. हा भुंगा मोठा झाला की फुलांतला पराग खातो आणि खिडकीच्या काचेवर निष्पापपणे बसलेला दिसतो. त्याचे बालपण आपल्या गालिच्यात गेलेले आहे, अशी शंकाही कोणाला येत नाही.

पाकोळीची गोष्ट तर याहून नवलाची. आमच्या मराठीच्या वर्गात पतंग आला की त्याच्या मागोमाग दिवा येतोच. ज्योतीवर झेप घेऊन जळून जाणाऱ्या पतंगावर कवींनी पिढ्यान्पिढ्या पोट भरले आहे. ही पाकोळी मात्र दिव्याकडे फिरकतच नाही. ट्रंकेचे झाकण उघडताच ती उडण्याऐवजी घडीच्या आत पळते. प्रेमासाठी जळणे तिला ठाऊक नाही. उजेडापासून जीव वाचवणे तेवढे ठाऊक आहे. म्हणूनच तिच्यावर कोणी कविता केली नसावी.

शिवाय, आपण पाकोळी दिसली की तिच्यामागे टाळ्या वाजवत धावतो ना, ती बिचारी काहीच खात नाही. प्रौढ झाल्यावर तिला खायला धड तोंडही नसते. काही दिवसांच्या आयुष्यात चाळीस-पन्नास अंडी घालून ती मरते. खाते ती अळी. आणि खाते तेही असे, की जे पचवणे फारच थोड्या प्राण्यांना जमते. लोकर, केस, नख, शिंग, पीस हे सारे केराटिन नावाच्या एकाच प्रथिनाचे बनलेले असते. माणसाने केस गिळला तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो. कसरीच्या अळीच्या पोटात मात्र केराटिनचे चिवट बंध तोडणारी रसायने असतात. उबदार हवेत महिना-दोन महिन्यांत तिची वाढ पुरी होते. थंडी असली किंवा अन्न निकृष्ट असले तर ती दोन वर्षेही चिवटपणे तग धरते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नुसत्या स्वच्छ लोकरीवर अळीचे नीट पोषण होत नाही. तिला जोडीला क्षार आणि जीवनसत्त्वे लागतात, आणि ती तिला मिळतात माणसाच्या घामातून, अंगाच्या तेलातून, सांडलेल्या चहा-आमटीतून. म्हणूनच कसरीची भोके सहसा गळ्यापाशी, काखेत, मनगटाशी नाहीतर मांडीवर येणाऱ्या भागात सापडतात. ज्या ठिकाणी माणूस कपड्याला अधिक चिकटलेला असतो, तेच ठिकाण अळीला अधिक प्रिय.

ही गोष्ट शास्त्राच्या पुस्तकात वाचायला सोपी आहे. माझ्या एका आत्याच्या घरी ती मला अवघड होऊन भेटली.

आत्याचे यजमान रेल्वेत होते. १९६८ साली त्यांची बदली जबलपूरला झाली आणि तिथल्या हिवाळ्यातल्या रात्रपाळीसाठी आत्याने त्यांना एक चॉकलेटी स्वेटर विणून दिला. तिच्या हातचा तो पहिलाच पुरुषी मापाचा स्वेटर. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब झाली होती आणि ती त्यांनी जन्मभर दुमडून घातली. २०११ साली ते गेले. तेव्हा आत्याने त्यांचे बाकीचे कपडे वाटून टाकले, पण स्वेटर ठेवला, आणि तोही न धुता. दरवर्षी त्यांच्या तिथीला ती ट्रंक उघडायची, स्वेटर नाकाशी धरायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. घरात सर्वांना हे माहीत होते आणि कोणी त्याविषयी बोलत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्या घडीतून भुरभुर गळू लागली. गळा, दोन्ही काखा आणि ती दुमडायची डावी बाही एवढे कसरीने खाल्ले होते. म्हणजे आत्या जे राखत होती, नेमके तेच. तिने मला फोन करून बोलावले. मी माझे पुस्तकी ज्ञान सांगितले: आतल्या अळ्या आणि अंडी आधी मारायला हवीत, मग स्वेटर धुवायला हवा, नाहीतर उरलेलाही जाईल.

आत्या म्हणाली, "धुतला तर त्यात राहील काय गं?"

मराठीची प्राध्यापक असूनही मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. थोडा वेळ ती स्वेटरची उसवलेली कड बोटाने चाचपत बसली. मग स्वतःच उठली आणि म्हणाली, "चल, सांग काय काय करायचं ते."

आम्ही जे केले ते कोणालाही करता येण्याजोगे आहे, म्हणून क्रमाने सांगते. कसर लागलेला कपडा घरात झटकू नये; अंडी उडून दुसऱ्या कपड्यांत जातात. तो तसाच उचलून गच्चीत किंवा गॅलरीत न्यावा आणि मऊ ब्रशाने, विशेषतः शिवणीतून आणि घडीच्या रेषेतून, झाडून काढावा. नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आतली हवा दाबून काढून, पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि वरून दुसरी पिशवी घालावी. हे पुडके फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. उणे १८ अंश सेल्सिअसच्या थंडीत दोन आठवडे राहिले की अंडी, अळी, कोश, पाकोळी सारी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या हवेइतकी उबदार होऊ द्यावी, नाहीतर गार कपड्यावर दव धरते. हे दोन आठवडे आत्याच्या घरी मटार आणि आइस्क्रीम यांना रजा मिळाली, आणि तिचा पणतू येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या फ्रीजमध्ये पणजोबांचा स्वेटर आहे" असे ऐकवत राहिला.

दरम्यान ट्रंकेची झडती घ्यावी. कपडा सुधारला आणि घर तसेच राहिले तर पुन्हा महिन्या-दोन महिन्यांत तेच. कोपरे, बिजागऱ्या, तळाशी घातलेला कागद, कपाटाच्या फटी हे सर्व पंपाने ओढून किंवा ओल्या फडक्याने पुसून काढावे आणि तो केर घराबाहेर टाकावा. पलंगाखालचे केसांचे पुंजके आणि खिडकीच्या छज्जावरचे कबुतरांचे घरटेही पाहावे. पिसे हे अळीचे आवडते खाद्य. आणि घरात हार्मोनियम असेल तर तीही उघडून पाहावी. आतल्या पट्ट्यांना लावलेला नमदा लोकरीचा असतो. कपड्यांच्या पेटीत कसर सापडली नाही, तर ती गाण्याच्या पेटीत सापडण्याचा संभव असतो.

मग धुणे. लोकरीला रिठ्यासारखे सौम्य काही नाही. रिठे रात्री भिजत घालून, सकाळी कुस्करून, गाळून घेतलेल्या पाण्यात साधे पाणी मिसळावे आणि कपडा त्यात नुसता दाबून-दाबून धुवावा. चोळू नये, कढत पाणी घेऊ नये. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. उष्णता आणि घासणे मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि थोरल्याचा स्वेटर धाकट्याला येऊ लागतो. पिळूही नये. पंच्यात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत चटईवर आडवा वाळवावा. टांगला तर पाण्याच्या भाराने तो लांबतो.

चटईवर स्वेटर पसरून झाल्यावर आत्या वाकली, नेहमीसारखा तिने वास घेतला, आणि म्हणाली, "रिठ्याचा येतोय." मग तिने लांब बाही सारखी केली आणि पंख्याचे बटण दाबले.

दुरुस्तीचे काम तिने स्वतःच केले. हातच्या विणकामात एक सोय असते. जे टाक्याटाक्याने वर चढले ते टाक्याटाक्याने पुन्हा उचलता येते. आधी भोकाभोवतीचे सुटे फास एका साध्या दोऱ्यात ओवून घ्यायचे, म्हणजे ओळ पुढे उसवत नाही. मग खालचे टाके सुईवर घेऊन नवा तुकडा विणायचा आणि वरच्या टाक्यांना जोडायचा. लोकर बाजारात जुळणारी मिळाली नाही. आणली ती दोन छटा फिकी. मी हळहळले, तर आत्या म्हणाली, "बरं झालं. या वयात टाके कुठे घातले ते मला दिसायला नको का?"

आता ती तो स्वेटर स्वतः घालते. डावी बाही तिलाही दुमडावी लागते.

शालीचे काम मात्र घरी करण्याजोगे नसते. खऱ्या पश्मिन्याचा तंतू बारा ते सोळा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका बारीक असतो. तिथे घरच्या सुईने केलेला उपकार कसरीपेक्षा महागात पडतो. त्यासाठी रफूगर शोधावा. जुन्या पेठेत एखाद्या शिंप्याच्या दुकानाच्या पायरीशी असा माणूस अजून बसलेला सापडतो. उत्तर प्रदेशात बिजनोर जिल्ह्यातल्या नजीबाबादची रफूगर घराणी तर काश्मिरी शालींच्या दुरुस्तीसाठीच प्रसिद्ध आहेत. चांगला रफूगर कपड्याच्याच आतल्या कडेचा धागा काढून ताणा-बाणा पुन्हा विणतो. भोक कुठे होते, हे मग मालकालाही सांगता येत नाही. भोकच रफूचक्कर होते म्हणा ना!

कसर येऊच नये म्हणून आपल्याकडे वेखंड, कडुनिंबाचा वाळलेला पाला, लवंगा वापरतात. काश्मिरी शालींच्या गठ्ठ्यांत पूर्वी कोष्ठाची मुळे घालीत. ती वनस्पती आता इतकी दुर्मीळ झाली आहे की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. या सर्व औषधींचा गुण एवढाच, की बाहेरची पाकोळी आत यायला कचरते. आत आधीच जेवायला बसलेल्या अळीला त्या उठवू शकत नाहीत. डांबरगोळ्या तिला मारतात, पण झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत, पुरेशा संख्येने आणि कपड्यांच्या वर ठेवल्या तर. कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते. रोज उघडणाऱ्या खणात टाकलेल्या दोन गोळ्या फक्त वास देतात. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. बाळाची झबली-टोपडी डांबरगोळ्यांत मुळीच ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते. अशा बाळाला या वाफेने रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. पांढऱ्या गोळ्या खडीसाखर समजून लहान मुले तोंडातही घालतात. पणजीने विणलेले टोपडे पणतूला घालायचे असेल, तर ते वेखंडातच राहिलेले बरे.

कसरीविषयी एक चांगला शब्दही लिहायला हवा. तिच्याइतका सच्चा पारखी दुसरा नाही. आमच्या क्षेत्रात शाल-श्रीफळाचे सत्कार पुष्कळ होतात. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी होते आणि शाल कपाटात जाते. एका ज्येष्ठ साहित्यिकांच्या घरी अशा शालींची चांगली चळत मी पाहिली. तीस वर्षांत एकीलाही कसर लागलेली नव्हती. मी त्यांच्या सौभाग्यवतींच्या दक्षतेची प्रशंसा केली, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "दक्षता कसली? सगळ्या ॲक्रिलिकच्या आहेत." शालजोडीतले देणे म्हणतात ते याहून वेगळे काय असणार? स्वच्छ ॲक्रिलिकला कसर तोंड लावत नाही. तुमच्या घरातल्या एखाद्या शालीला भोक पडले असेल, तर ती बहुधा खऱ्या लोकरीची होती, एवढे समाधान मानायला हरकत नाही.

उलट, घोंगडीकडे पाहा. सणगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ लावलेली ती राठ घोंगडी लोकरीचीच असते. पण मेंढपाळाच्या खांद्यावर ती ऊन खाते, पाऊस खाते, वाऱ्यावर झटकली जाते, रात्री अंथरली जाते. तिच्या घडीत अंडी घालून निवांत बसायला पाकोळीला सवड मिळणार कधी? आपण जे जपायचे म्हणून बासनात गुंडाळतो, त्याला तिथे कोणी विचारायला येत नाही, आणि म्हणूनच कसरीचे फावते.

तेव्हा, वर्षातून दोनदा तरी ट्रंक उघडावी. एकदा होळीच्या सुमारास, थंडी सरल्यावर. त्या वेळी वापरलेला प्रत्येक लोकरीचा कपडा धुऊन, कडकडीत वाळवून मगच आत ठेवावा. एकदा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. तासाभराचे ऊन आणि हलका ब्रश एवढे पुरे. उजेड लागला की अळ्या पळ काढतात आणि ब्रशाने अंडी झडून जातात. तासन्तास ऊन देऊ नये, त्याने रंग उडतो. घड्या दरवेळी वेगळ्या रेषेवर घालाव्यात.

आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर अंगावर जो शहारा येतो, तो आपल्या हवेतला थंडीचा पहिला शकुन. त्या वेळी ट्रंकेतली ती जुनी शाल बाहेर काढून खुशाल खांद्यावर घ्यावी. एखादे भोक असेल तर असू द्यावे. दिवाळीनंतर रफूगराकडे जाता येईल. घरातले कोणी विचारील, "ही कोणाची हो?" तर फराळाला बसल्या बसल्या सांगावे, कोणाची ते.